सात लाद्या

जनू पाथरवटाला दगडातलं कळत नाही असं म्हणणारा माणूस अख्ख्या अंबरनाथात शोधून सापडला नसता. बाकी त्याला फारसं काही कळत नव्हतं, हेही खरं. बाजारात त्याला कोणीही फसवावं, नात्यागोत्यात कोण कोणाचा कोण हे त्याला बायकोनं सांगावं. पण दगडापुढे बसला की हा माणूस वेगळाच. हातोडीच्या लाकडी दांड्यानं दगडावर दोनदा ठोकायचा, मान तिरपी करून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. खणखणीत वाजला तर त्याचा पाटा होणार, जातं होणार. बद्द वाजला तर आत तडा आहे. वरून तो कितीही गुळगुळीत दिसो, जनू त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

आणि तडकलेल्या दगडाचा एक कायदा त्या घरात होता. तो जिथं पडलाय तिथंच राहू द्यायचा. उचलायचा नाही, सरकवायचा नाही. हलवला की तडा वाढतो, दगड दुभंगतो आणि उचलणाऱ्याच्या पायावर येतो. जनूच्या बापाची डाव्या पायाची दोन बोटं अशीच गेली होती, त्यामुळे हा कायदा पोरांना वेगळा शिकवावा लागला नाही. बापाचा पाय रोज समोर दिसायचा.

वालधुनी नदीच्या काठाला पाथरवटांची पाच-सहा घरं होती. जनूचं घर शेवटचं, त्याच्या शेजारी धाकटा भाऊ भीमा. टेकडीवरच्या खाणीतून दगड आणायचा आणि दारातल्या छपराखाली बसून पाटे, वरवंटे, जाती घडवायची, असा बारा वर्षांचा असल्यापासून जनूचा दिवस जायचा. धंदा तसा सुमार. एकदा घेतलेला पाटा लोक दोन पिढ्या वापरतात, तर धंदा वाढणार कुठून! पण अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि पलीकडच्या लष्करी छावणीतल्या बराकी सिंधी माणसांनी भरून गेल्या. बिचारी घरदार टाकून कराचीहून बोटीनं आलेली. बोटीतून कोणी सोनं आणलं असेल, कोणी देव आणले असतील, पण पाटा कोण आणतो? एवढ्या घरांना एकदम पाटे-वरवंटे लागले. सिंधी बायकांना पुदिन्याच्या चटणीसाठी खोलगट खलही हवा असायचा, तोही जनू घडवायला शिकला. जनू घडवायचा आणि त्याची बायको काशी डोक्यावर चुंबळ ठेवून कॅम्पात नेऊन द्यायची. तीन-चार वर्षं त्यांनी मान वर केली नाही.

पावसाळ्यात छपराला गोणपाटं बांधून काम चालायचं. आत दगडाची धूळ तरंगत राहायची, संध्याकाळी जनूच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि काशी त्याला म्हातारबा म्हणून चिडवायची. टाकीनं रेघ मारली की रेघेतली धूळ उडवायला ओठांचा चंबू करून तो लांब फुंकर मारायचा. दिवसातून हजार वेळा तरी. फुंकर मारून पुन्हा श्वास घ्यायचा तो त्याच धुळीतला. त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

एक्कावन्नच्या पावसात खोकला लागला तो गेलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात खाणीची चढण चढताना जनूला दोनदा बसावं लागलं, आणि घरी येऊन भीमानं वहिनीला ते सांगितलं. मग काशीनं त्याचं काही एक ऐकलं नाही. लुगड्याचा पदर खोचला आणि त्याला कल्याणच्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथं छातीचा फोटो काढला. मग एका डॉक्टरांनी जनूला उघडं बसवलं, डाव्या हाताची बोटं त्याच्या छातीवर ठेवली आणि उजव्या बोटानं त्यांवर ठोकायला सुरुवात केली. जनूला पहिल्यांदा त्या इस्पितळात ओळखीचं काही दिसलं. त्यानं आपोआप मान तिरपी केली. वरच्या बाजूला आवाज बरा होता. डॉक्टरांची बोटं उजव्या बरगड्यांवरून खाली आली आणि आवाज बदलला. बद्द. पुन्हा ठोकलं, पुन्हा बद्द. मग डावीकडे, काळजापाशी. तिथंही बद्द.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. क्षय नाही, दगडाची धूळ छातीत बसली आहे, ती आता निघायची नाही. दगडकाम बंद करायचं, विश्रांती घ्यायची, औषध न्यायला दोन महिन्यांनी यायचं. क्षय नाही म्हटल्यावर काशीला तिथंच रडू फुटलं. जनूनं मात्र पुढचं काही ऐकलंच नव्हतं. घरी येऊन पायरीवर टेकल्यावर तो बोलला.

"काशे, मी तडकलोय. माझ्या कानानं ऐकलं मी."

झालं! घरातला कायदा घरातल्या माणसाला लागू झाला. भीमानं कॅम्पातून जुनी लष्करी लोखंडी खाट आणून पडवीत टाकली आणि जनूला तिच्यावर ठेवला. ठेवला हाच शब्द बरोबर आहे. पाणी खाटेवर, भाकरी खाटेवर, हात धुवायचं तसराळंसुद्धा खाटेवर. पायात काही पडलं तर उचलायला काशी धावायची. तो विहिरीपर्यंत जाऊन येतो म्हणाला की तीच कळशी उचलून निघायची. जनूही मोठा आज्ञाधारक रोगी. जन्मभर ज्यानं दगडाला शिस्त लावली, तो स्वतः शिस्तीत पडून राहिला. चूक दोघांची होती आणि दोघांनीही ती मायेनं केली, त्यामुळे कोणाला बोलायची सोय नव्हती.

पोटासाठी काशीनं टाकी हातात घेतली. वीस वर्षं बघून बघून तिला ते येतच होतं. नवे पाटे घडवणं भीमाकडे, आणि झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून पुन्हा खरखरीत करून देणं तिच्याकडे. सकाळी नवऱ्याचं सगळं करून ती निघायची, आणि पाच नंबर कॅम्पाच्या बराकींतून तिची हाळी ऐकू यायची.

पण जनू काही सुधारेना. धूळ बंद, काम बंद, तरी धाप वाढतच चालली. आधी तो विहिरीपर्यंत जाऊ शकायचा, मग अंगणाच्या टोकापर्यंत, मग उंबऱ्यापर्यंत. तडा वाढतोय, असं जनू म्हणाला, आणि काशीनं त्याला आणखी कमी हलवलं. एके दिवशी अंघोळ घालताना तिच्या लक्षात आलं की त्याची मांडी तिच्या दोन हातांच्या पकडीत बसते. दोन मणांचा दगड गुडघ्याचा टेकू देऊन उचलणारी ती मांडी. तिनं पाणी भराभर ओतलं आणि पंचा गुंडाळून टाकला.

आता जे सांगायचं ते थोडं अवघड आहे, पण तेच सांगायचं आहे. घरामागं बांध होता आणि बांधापलीकडे पडीक जमीन. सगळी वाडी पहाटे तांब्या घेऊन तिकडे जायची, जनूही थांबत थांबत कसाबसा जायचा. खाट सोडून त्याचं तेवढंच एक चालणं उरलं होतं. फेब्रुवारीच्या थंडीत एकदा तो गेला, बसला आणि त्याला उठता येईना. पाय लटलटले, पण अंग वर जाईना. गवताचा झुबका धरला तर तो मुळासकट हातात आला. थोडा वेळ त्यानं वाट पाहिली, कशाची कोण जाणे. मग हाक मारली.

काशी धावत गेली. बगलेत हात घालून तिनं त्याला उभं केलं. तसंच धरून घरी आणलं.

त्या दिवसापासून ती रोज बरोबर जायला लागली. बांधावर त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची. हाक आली की खाली उतरायची, उचलायची आणि घेऊन यायची. दिवसभर मग जनू कोणाच्या तोंडाकडे बघायचा नाही. त्याला मरणाची भीती फारशी नव्हती, पाथरवट साठी गाठत नाहीत हे त्यानं पाहिलं होतं. पण रोज सकाळी बायकोच्या नावानं ती हाक मारणं त्याला मरणाहून कठीण जात होतं. त्यानं आपल्या परीनं हिशेब लावला: पोटात जाणार नाही ते बाहेरही येणार नाही. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. भूक नाही म्हणून सांगायचा.

त्यांची मुलगी कुंदा बदलापूर गावात दिली होती. तिला दुसरा मुलगा झाला. माहेरी आजारपण, म्हणून हे बाळंतपण सासरीच झालं. बाबांना चार दिवस घेऊन ये, असा तिचा आईला निरोपावर निरोप. जावई गाडी जुंपून न्यायला यायला तयार. जनू म्हणाला, छातीला हादरे सोसायचे नाहीत. छातीचं कारण सगळ्यांनी मानलं. मुलीच्या सासरी, व्याह्याच्या शेतात, बांधावर कोण उभं राहणार, हे काशीला न सांगता कळलं होतं. नातू दोन महिन्यांचा झाला आणि आजानं त्याला पाहिला नव्हता.

अशात एक दिवस काशी पाच नंबरात डॉक्टर लालवाणींच्या घरी टाकी लावत बसली होती. हे डॉक्टर कराचीला मोठ्या इस्पितळात होते म्हणे, आता बराकीच्या एका खोलीत दवाखाना आणि दुसरीत संसार. धूळ बघून ते बाहेर आले आणि तिला रागावले. पाणी मारून टाकी चालव, नाकातोंडाला पदर बांध, असं त्यांनी सिंधी-हिंदी-मराठी मिसळून सांगितलं. काशीनं हातोडी खाली ठेवली. जे तिनं दिराला सांगितलं नव्हतं, पोटच्या मुलीला सांगितलं नव्हतं, ते या परक्या माणसाला तिनं एका दमात सांगून टाकलं. बांधासकट सगळं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तर ही म्हणते, ते तडकलेत, त्यांना हलवता येत नाही.

रविवारी डॉक्टर स्वतःच सायकल मारत वालधुनी ओलांडून आले. सायकल पाहून सगळी आळी दारात जमली. डॉक्टरांनी जनूची पाठ ऐकली, छाती ऐकली, मग ठोकायला लागले. उजव्या बरगडीखाली बोटं आल्याबरोबर जनूनं त्यांचा हात धरला.

"ऐकलात ना? बद्द."

डॉक्टरांना आधी काही उमजेना. भीमानं दगडाची सगळी गोष्ट सांगितली, तडा, कायदा, बापाची बोटं. मग डॉक्टरांनी सदऱ्याची बटणं काढली आणि खाटेवर जनूसमोर उघडे बसले. म्हणाले, "अब तू मेरा ठोक."

जनूनं काशीकडे पाहिलं. मग त्यानं दोन बोटं ठेवली आणि कारागिराला शोभेल अशा निगुतीनं ठोकत खाली आला. वर ठीक. उजव्या बरगडीखाली बद्द. तो थांबला, पुन्हा ठोकलं, डावीकडे काळजापाशी गेला. तिथंही बद्द. त्यानं हात मागं घेतला. त्याच्या डोळ्यांत त्या भल्या माणसाबद्दल खरीखुरी कणव दाटून आली.

"डॉक्टर, तुमी पण?"

डॉक्टर इतके हसले की सायकल बघायला आलेल्या पोरीसोरीही हसायला लागल्या. इथं यकृत असतं, इथं काळीज असतं, ती भरीव असतात, म्हणून ती सगळ्यांचीच अशी वाजतात, असं त्यांनी सांगितलं. जनूला ते पटेना. त्यानं भीमाला ओढून बसवला आणि त्याची छाती ठोकली. बद्द! भीमाचा चेहरा पडला, त्याला पुन्हा वेगळं समजवावं लागलं. दहा महिने हा माणूस धडधाकट यकृताच्या आवाजावर खाटेत पडून होता.

मग डॉक्टर हसायचे थांबले. खोटा धीर देणारा माणूस नव्हता तो. धूळ खरी आहे, छाती आता सुधारायची नाही, वर्षागणिक थोडी थोडी बिघडतच जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी जनूचा पंचा गुडघ्यावर सारला आणि मांडी चिमटीत धरली.

"छाती धुळीनं खाल्ली, मान्य. ही कुणी खाल्ली? धूळ मांडीत जात नाही."

काशीनं पदर तोंडाला लावला. बसून बसून पायांतली ताकद गेली, डॉक्टर सांगत होते. पाय दुबळे झाले की दहा पावलांना शंभर पावलांची धाप लागते. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून पाय आणखी गळतात. छाती परत येणार नाही, पण पाय येतील. पाय आले की आहे त्याच छातीत पुष्कळ भागेल. कशावर तरी उंच बसायचं, हात न लावता उठायचं, पुन्हा बसायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. जमलं की बैठक थोडी खाली आणायची. आणि पोटभर जेवायचं. कुठपर्यंत खाली आणायची, असं जनूनं विचारलं. तुला कुठपर्यंत हवी, असं डॉक्टरांनी उलट विचारलं.

जनूनं मान खाली घातली. "जमिनीपर्यंत," तो म्हणाला. का, ते कोणीच विचारलं नाही.

भीमानं त्याच संध्याकाळी अंगणात सात लाद्या रचल्या. चार-चार बोटं जाडीच्या, एकावर एक. दोन दिवस लागोपाठ दहा वेळा उठणं जमलं की एक लादी काढायची, असं ठरलं. पहिल्या दिवशी जनू तीनदा उठला आणि चौथ्यांदा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. श्वास आत येतच राहिला, बाहेर काही जाईना. घाबरून त्यानं काय करावं? ओठांचा चंबू केला आणि लांब फुंकर मारली, समोर टाकीची रेघ असावी तशी. छाती जरा मोकळी झाली. पुन्हा मारली, आणखी मोकळी झाली. पुढे एकदा डॉक्टरांनी ते पाहिलं आणि हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं. जनू म्हणाला, दगडानं.

काशीचे मात्र हाल झाले. तो उठताना डगमगला की तिचा हात आपसूक पुढे व्हायचा आणि जनू खेकसायचा. शेवटी तिनं एक युक्ती काढली. तो लाद्यांवर बसला की ती पाठ फिरवायची आणि राखेनं भांडी घासत बसायची. आळीतल्या बायकांना तर विषयच मिळाला. जनूभावजींनी नवा देव मांडलाय, सकाळ-संध्याकाळ उठून बसून नमस्कार घालतात, कोणाला पावला का बघा, असं चालायचं. जनू हसायचा, पण उठणं मोजायला चुकायचा नाही.

मे महिन्यापर्यंत सातांच्या चार लाद्या झाल्या. तो विहिरीपर्यंत जायला लागला. बांधावरची हाक चालूच होती, पण आता काशीला बगलेत हात घालावा लागत नव्हता, नुसता हात दिला तरी पुरायचं. आणि आषाढात ताप आला. छातीत कफ भरला, डॉक्टर आठ दिवस रोज येऊन सुई टोचून गेले. तीन आठवड्यांनी जनू उठून लाद्यांवर बसला तर चारांवरून एकदाही उठवेना. भीमानं काढलेल्या तिन्ही लाद्या मुकाट्यानं परत रचल्या. सातांवरून जनू दोनदा उठला, मग खाली बसला तो रडायलाच लागला. ढसाढसा, पोरासारखा. पुरे झाला हा खेळ म्हणाला, खाट बरी. दुपारी त्यानं अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितलं.

काशीनं पाणी दिलं नाही. ती समोर येऊन बसली.

"मी बांधावर जन्मभर उभी राहीन, माझं काय जात नाय," ती म्हणाली. "पण ही अर्धी भाकरी तुमी कशापायी सोडता ते मला पयल्या दिवसापासून ठाव हाय. माझ्या हाताची लाज वाटते म्हणून पोटाला मारता ना? मग त्या लाजेपायी उठा. माझ्यापायी नको."

जनू तिच्याकडे बघतच राहिला. इतके दिवस त्याला वाटत होतं की हे त्याचं एकट्याचं गुपित आहे. मग त्यानं ताट ओढलं आणि ती अर्धी भाकरी सुकटीच्या कालवणात बुडवून संपवली. काशीनं दुसरी वाढली, तीही संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात लाद्यांवरून तो तीनदा उठला.

या वेळी लाद्या सावकाश निघाल्या. गणपतीला सहा होत्या, दिवाळीला तीन. थंडीत खोकल्यानं पुन्हा आठ दिवस खाल्ले, पण एकच लादी परत ठेवावी लागली. शेवटची लादी सगळ्यांत खट. तिच्यावरून दहाचे पंधरा व्हायला लागले, पण ती काढून नुसता उकिडवा बसला की अंग मागं जायचं आणि जनू अंगणात उताणा पडायचा. महिनाभर तो पडत होता. काशी पाठ करूनच असायची, पण धप्प आवाज झाला की तिचं भांडं हातातून सुटायचं.

चोपन्न सालचा माघ चालला होता. काशी नेहमीप्रमाणं बांधावर उभी होती, पदर कानांवरून घट्ट ओढून. उजाडायला लागलं होतं. पलीकडून मालगाडी गेली, सगळे डबे जाईपर्यंत तिनं ऐकले. हाक आली नाही. रोज याच्या आधी हाक यायची. शेजारची दोन माणसं जाऊन परतसुद्धा आली. तिच्या मनात नको ते आलं. ताप येऊन गेलेला माणूस, ही थंडी, तिथंच कलंडला असेल तर? मागं वळावं तर हाकेशिवाय ती कधी वळली नव्हती. ती वळली असती तर त्याचं उरलंसुरलं गेलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

मग मागून आवाज आला. लांब, सावकाश फुंकर. पुन्हा एक. गवतात पावलं वाजली आणि जनू बांध चढून तिच्या शेजारून पुढे गेला, हातात रिकामा तांब्या. तो थांबला नाही, थांबला असता तर त्याला पुन्हा धाप लागली असती.

"चल," तो म्हणाला. "चहा टाक."

काशी तिथंच बांधावर बसली आणि मोठ्यानं रडली. वाडीतल्या बायका धावत आल्या, काय झालं म्हणून विचारायला लागल्या. काय झालं ते ती त्यांना काय सांगणार, कपाळ!

त्याच महिन्यात दोघं बदलापूरला गेली. चार दिवसांसाठी गेलेला जनू आठ दिवस राहिला. नातू वर्षाचा होत आलेला, आजाच्या पांढऱ्या मिशा ओढायचा. पहिल्या पहाटे जनूनं व्याह्यांकडून तांब्या मागून घेतला, उल्हास नदीच्या अंगाला एकटा गेला आणि बऱ्याच वेळानं फुंकर मारत परत आला. व्याही ओट्यावर दात घासत होते. आपल्या दारात काही मोठी गोष्ट घडली आहे, हे त्यांना आजही माहीत नसेल.

कोरड्या दगडाला जनूनं पुन्हा हात लावला नाही. भीमानं घडवलेल्या पाट्यांना, पाणी ठिबकवत, शेवटच्या रेघा तेवढ्या तो मारायचा. काशी कॅम्पात निघाली की वालधुनीच्या पुलापर्यंत तिच्याबरोबर चालत जायचा, चार ठिकाणी थांबून. थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या. सात लाद्या अंगणातच राहिल्या, आजारातून उठला की तो त्या स्वतः रचून घ्यायचा. छाती डॉक्टर म्हणाले तशीच दर वर्षी थोडी थोडी बिघडत गेली. एकोणसाठच्या कार्तिकात ती थांबली. शेवटचे दोन दिवस सोडले तर तोवर त्यानं आपला तांब्या आपण नेला.

तेराव्यानंतर कुंदा आईजवळ राहिली होती. पहाटे तिला जाग आली तर आई अंथरुणात नाही. बाहेर येऊन बघते तर काशी बांधावर उभी, पडीक जमिनीकडे पाठ करून, पदर कानांवरून ओढलेला. कुंदाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती जवळ गेली आणि इथं थंडीत काय करतेस म्हणून विचारलं.

जनू एकटा उठायला लागल्यावरही काशीनं बांधावर यायचं सोडलं नव्हतं. काटक्या वेचायला येते असं सांगायची. लागलीच कधी गरज तर असावं जवळ, म्हणून. जनूला ते समजत होतं आणि तो कधी बोलला नव्हता. हे सगळं तिनं त्या पहाटे मुलीला पहिल्यांदा सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून.

"त्यानंतर पावणेसहा वर्षं उभी राहिले गं इथं," ती म्हणाली. "एकदापण हाक मारली नाय त्यांनी."

हे तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. मग तिला हुंदका आला. कुंदानं तिचा हात धरला आणि वाकून थोड्या काटक्या वेचल्या, चुलीला लागणारच होत्या.